वितरणापूर्वी इन्स्टॉलरची चाचणी नेमकी कोणत्या संगणकावर करावी?

खाडीपलीकडचा (महापे), सोमवार, रात्री ९.२०

नमस्कार. मी महापे एमआयडीसीतील अकरा जणांच्या एका कंपनीत काम करतो. वाशीच्या एपीएमसीमधील अडत्यांसाठी आम्ही हिशेबाची प्रणाली तयार करतो. आवक नोंदवणे, शेतकऱ्याची पट्टी (विक्रीच्या हिशेबाची पावती) काढणे, हमाली-तोलाईचा हिशेब ठेवणे आणि वर्षअखेरीस शिल्लक पुढे ओढणे ही तिची मुख्य कामे आहेत. नवीन आर्थिक वर्षाची आवृत्ती दरवर्षी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात बाहेर पडते आणि १ एप्रिलच्या आत ती प्रत्येक गाळ्यात बसलेली असावी लागते.

गेल्या वर्षी आमची चांगलीच फजिती झाली. कार्यालयातील सर्व संगणकांवर इन्स्टॉलर (प्रणाली संगणकावर बसवणारी फाइल) विनातक्रार चालला, शेवटी ‘इन्स्टॉलेशन यशस्वी’ असा संदेशही आला, म्हणून आम्ही फाइल संकेतस्थळावर चढवली आणि पेनड्राइव्ह वाटले. दुसऱ्या दिवशी पहाटेपासून फोन सुरू झाले. काही गाळ्यांत प्रणाली उघडत होती, परंतु पट्टी छापायला गेले की बंद पडत होती. त्याचे कारण दुपारपर्यंत सापडले. छपाईचा भाग ज्या व्हिज्युअल सी प्लस प्लस लायब्ररीवर (तयार सहायक फाइलींवर) अवलंबून आहे, ती आमच्या प्रत्येक संगणकावर व्हिज्युअल स्टुडिओ या प्रणाली लिहिण्याच्या साधनाबरोबर केव्हाच येऊन बसलेली होती आणि ग्राहकांकडे मुळीच नव्हती.

तीन गाळ्यांतील तक्रार याहून विचित्र होती आणि तिचा उलगडा आम्हाला अजूनही झालेला नाही. नवीन आवृत्ती बसवताच तेथील सगळा हिशेब नाहीसा झाला आणि प्रणाली पहिल्यांदा बसवली त्या दिवशी दिसावी तशी कोरी दिसू लागली. घाबरून आम्ही जुनी आवृत्ती परत बसवली, तर हिशेब जसाच्या तसा हजर! त्या तिघांना आजही जुन्याच आवृत्तीवर ठेवले आहे.

आमच्याकडे चाचणीसाठी एक सहकारी, चार जुने संगणक आणि प्रकाशनापूर्वीचे जेमतेम तीन दिवस आहेत. आकडेमोडीची चाचणी आम्ही नीट करतो. माझा प्रश्न फक्त इन्स्टॉलेशनपुरता आहे: एवढ्या बळावर काय तपासावे आणि काय सोडून द्यावे?

वागळे_इस्टेट (ठाणे), सोमवार, रात्री १०.४५

पट्टी न छापण्याचा आपला अनुभव या धंद्यातील बहुतेकांनी एकदा तरी घेतलेला आहे. ज्या संगणकावर प्रणाली तयार झाली, तो इन्स्टॉलरच्या चाचणीसाठी बादच समजावा. तेथे लागणारी प्रत्येक गोष्ट आधीच हजर असते, त्यामुळे इन्स्टॉलरने काय आणायचे विसरले हे तेथे कधीच कळत नाही. आपले चार जुने संगणकही, त्यांच्यावर मागील दहा आवृत्त्या बसवून काढल्या असतील तर, आता कोरे राहिलेले नाहीत.

व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत चालणारा आभासी संगणक) तयार करून तिच्यात फक्त विंडोज बसवावे, त्या स्थितीचा स्नॅपशॉट घ्यावा आणि प्रत्येक चाचणीनंतर त्या स्नॅपशॉटवर परत यावे. विंडोज १० च्या २०१९ मधील १९०३ आवृत्तीपासून विंडोज सँडबॉक्स नावाची सोय आलेली आहे. ती उघडली की दर वेळी नवे कोरे विंडोज मिळते आणि बंद केली की आतले सारे पुसले जाते. आपली हरवलेली लायब्ररी त्यात पाच मिनिटांत पकडली गेली असती. मात्र तिच्या मर्यादा ध्यानात ठेवाव्यात. ती होम आवृत्तीत मिळत नाही, तिच्यात ती ज्या संगणकावर चालते त्याचेच विंडोज असते, म्हणून विंडोज ७ ची चाचणी तिच्यात होत नाही, आणि तिच्यातील वापरकर्ता कायम अॅडमिन (सर्व हक्क असलेला) असतो. या शेवटच्या कारणामुळे केवळ सँडबॉक्सवर विसंबून राहणाऱ्यांची पुढे फसगत होते.

दुसरी गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते. ज्या फाइलची चाचणी झाली, तीच फाइल ग्राहकापर्यंत गेली पाहिजे. चाचणी आटोपल्यावर कोणीतरी ‘फक्त आवृत्तीचा क्रमांक बदलायचा आहे’ असे म्हणत फाइल पुन्हा नव्याने तयार करतो आणि मग चाचणी एका फाइलची व वितरण दुसऱ्याच फाइलचे, असा प्रकार होतो. चाचणी सुरू करण्यापूर्वी फाइलचा शा-२५६ हा ठसा (फाइल जराही बदलली की बदलणारा आकडा) काढून वहीत लिहावा, आणि फाइल संकेतस्थळावर चढवल्यावर ती तेथून पुन्हा उतरवून घेऊन तोच ठसा येतो का ते पाहावे. डिजिटल सहीसुद्धा या ठशाच्या आधी झालेली असली पाहिजे, कारण सही केली की फाइल बदलते.

आपण पेनड्राइव्हचा उल्लेख केला म्हणून आणखी एक सांगतो. ब्राउझरने उतरवलेल्या फाइलला विंडोज ‘ही इंटरनेटवरून आली’ अशी एक अदृश्य खूण लावते, आणि त्या खुणेमुळेच स्मार्टस्क्रीन या विंडोजच्या सुरक्षा-सोयीचा निळा इशारा पुढे येतो. ही खूण एनटीएफएस पद्धतीच्या डिस्कवरच टिकते. फॅट-३२ पेनड्राइव्हवर फाइल नेली की ती गळून पडते. म्हणजे आपला टेस्टर पेनड्राइव्हने फाइल नेऊन चाचणी करत असेल, तर संकेतस्थळावरून घेणाऱ्या ग्राहकाला दिसणारा इशारा त्याला कधी दिसणारच नाही. दोन्ही वाटांनी चाचणी वेगवेगळी करावी.

कोपरीकर, मंगळवार, सकाळी ८.०५

वरील सगळे मान्य आहे, पण व्हर्च्युअल मशीनमध्ये डॉट मॅट्रिक्स प्रिंटर नसतो, कॉपी-प्रतिबंधाचा डाँगल नसतो आणि मुदत संपलेला अँटिव्हायरसही नसतो. बाजारातील संगणक मी रोज दुरुस्त करतो. चार जीबी रॅम, डिस्कवर शिल्लक जागा दोन-तीन जीबी, आत मसाल्याची धूळ, आणि एकाच प्रिंटरचे तीन ड्रायव्हर पूर्वीच्या तीन माणसांनी बसवून ठेवलेले, हे तेथील सर्वसाधारण चित्र आहे. कोऱ्या संगणकावर पास झालेला इन्स्टॉलर अशा ठिकाणी आडवा होतो. माझ्या मते एखाद्या ग्राहकाचा बदलून टाकलेला संगणक डिस्कसह विकत घ्यावा, त्याला अजिबात साफ न करता डिस्कची प्रतिमा (हुबेहूब प्रत) काढून ठेवावी, आणि चाचणी त्याच्यावरच करावी.

वागळे_इस्टेट (ठाणे), मंगळवार, सकाळी ९.३०

कोपरीकर, आपला मुद्दा योग्य आहे, पण क्रम उलटा नको. मळलेल्या संगणकावर इन्स्टॉलर पडला तर दोष आपला की त्या संगणकाचा, हे ठरवायला आधी कोऱ्यावरचा निकाल हाताशी असावा लागतो. शिवाय जुन्या संगणकावर पूर्वीच्या कोणीतरी बसवलेल्या लायब्ररीमुळे आपली चूक झाकलीही जाते.

ऐरोली_पूल, मंगळवार, दुपारी १.१५

खाडीपलीकडचा, त्या तीन गाळ्यांच्या हिशेबाबाबत मला एक शंका आहे. तीन प्रश्नांची उत्तरे द्यावीत. जुनी आवृत्ती ३२ बिटची होती आणि नवीन ६४ बिटची आहे काय, किंवा नवीन आवृत्तीत मॅनिफेस्ट (प्रणालीला कोणते हक्क लागतात हे विंडोजला सांगणारी नोंद) जोडले आहे काय? हिशेबाची डेटा फाइल प्रोग्राम फाइल्सच्या फोल्डरातच, म्हणजे प्रणालीच्या शेजारी ठेवली जाते काय? आणि आपल्या कार्यालयातील संगणकांवर प्रणाली ‘रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर’ करून चालवण्याची सवय आहे काय?

खाडीपलीकडचा (महापे), मंगळवार, दुपारी १.४०

तिन्ही प्रश्नांचे उत्तर होय असे आहे. गेल्या वर्षीच आम्ही ६४ बिटवर गेलो. डेटा फाइल पहिल्या आवृत्तीपासून प्रणालीच्या शेजारीच आहे, आणि अॅडमिन म्हणून चालवण्याची सवय आमच्याकडे इतकी जुनी आहे की ती कोणी लावली हेही आता कोणाला आठवत नाही.

ऐरोली_पूल, मंगळवार, दुपारी २.३०

मग हिशेब गेलेला नव्हता, तो दुसऱ्या खोलीत होता. थोडे मागे जाऊन सांगतो.

विंडोज व्हिस्टापासून प्रणाली सहसा सामान्य हक्कानेच चालू लागल्या, आणि तशा प्रणालीला प्रोग्राम फाइल्समध्ये लिहिण्याची मुभा नसते. परंतु त्यापूर्वीच्या असंख्य प्रणाली तेथेच लिहीत होत्या, आणि त्या एका रात्रीत बंद पडू नयेत म्हणून मायक्रोसॉफ्टने एक पळवाट ठेवली. ३२ बिटची, मॅनिफेस्ट नसलेली प्रणाली अॅडमिन हक्क नसताना प्रोग्राम फाइल्समध्ये लिहू लागली, तर विंडोज तिला नकार देत नाही. ते लिखाण त्या वापरकर्त्याच्या अॅपडेटामधील व्हर्च्युअलस्टोअर नावाच्या फोल्डरात मुकाट्याने वळवले जाते. वाचतानाही प्रणालीला तीच वळवलेली प्रत दिसते, त्यामुळे तिला वाटते की आपण प्रोग्राम फाइल्समध्येच लिहितो आहोत. मूळ जागी मात्र इन्स्टॉलेशनच्या दिवशी ठेवलेली कोरी फाइल तशीच पडून राहते.

६४ बिटच्या प्रणालीला ही सवलत नाही, आणि मॅनिफेस्ट जोडलेल्या ३२ बिटच्या प्रणालीलाही नाही. आपली नवीन आवृत्ती थेट मूळ जागी गेली आणि तिला ती कोरी फाइल सापडली. जुनी आवृत्ती परत बसवताच वळण पुन्हा सुरू झाले आणि हिशेब ‘परत आला’. आपल्या कार्यालयात प्रणाली अॅडमिन हक्काने चालत असल्यामुळे वळवण्याचा प्रसंगच येत नव्हता आणि डेटा खरोखर प्रोग्राम फाइल्समध्येच होता. ज्या गाळ्यांत काही बिघडले नाही, तेथेही कोणीतरी आपल्यासारखीच अॅडमिनची सवय लावून ठेवलेली असणार.

एकाच संगणकावर दोघे आपापल्या लॉगिनने काम करत असतील तर प्रकरण आणखी वाढते, कारण प्रत्येकाची वळवलेली प्रत वेगळी असते. अशा दोन वह्या वर्षभर समांतर चाललेल्या मी प्रत्यक्ष पाहिल्या आहेत. त्या जुळवायला आम्हाला आठ दिवस लागले होते.

डेटाची जागा आता प्रोग्रामडेटा फोल्डरात हलवावी. तेथेही एक खाच आहे. अॅडमिनने चालवलेल्या इन्स्टॉलरने तेथे तयार केलेली फाइल इतर वापरकर्ते वाचू शकतात, पण बदलू शकत नाहीत. तो हक्क इन्स्टॉलरला स्पष्टपणे द्यावा लागतो. आणि चाचणी नेहमी सामान्य वापरकर्त्याच्या लॉगिनने करावी. सामान्य वापरकर्ता इन्स्टॉलर उघडतो, विंडोज अॅडमिनचा पासवर्ड मागते, शेजारच्या टेबलावरचे साहेब येऊन तो टाकतात, आणि तेथून पुढे इन्स्टॉलर साहेबांच्या नावाने चालतो. वापरकर्त्यापुरती म्हणून ठेवलेली सेटिंग आणि शॉर्टकट साहेबांच्या खात्यात जाऊन बसतात, आणि ज्याला काम करायचे आहे त्याच्यापुढे रिकामा डेस्कटॉप राहतो.

खाडीपलीकडचा (महापे), मंगळवार, रात्री ८.५०

आत्ताच त्या तिघांपैकी एका गाळ्यातून आलो. व्हर्च्युअलस्टोअर फोल्डर उघडला तर चार वर्षांचा हिशेब तेथे जसाच्या तसा होता, आणि प्रोग्राम फाइल्समध्ये पहिल्या दिवशीची कोरी फाइल! एक वर्ष आम्ही त्या ग्राहकाला ‘आपल्या संगणकातच काहीतरी दोष आहे’ असे सांगत होतो, हे लिहिताना मला संकोच वाटतो.

म्हणजे नवीन इन्स्टॉलरने अपग्रेड करताना दोन्ही जागा पाहाव्यात, दोन्हीकडे फाइल असल्यास अलीकडे बदललेली कोणती ते वापरकर्त्याला दाखवून विचारावे, आणि जुनी प्रत पुसू नये, असे आम्ही ठरवत आहोत. संगणकावरील प्रत्येक वापरकर्त्याचे फोल्डर तपासावे लागेल, हेही ओघाने आले.

मुक्तस्रोत_ठाणे, बुधवार, सकाळी ७.३५

‘जुनी प्रत पुसू नये’ हे आपले वाक्य भिंतीवर लावण्याच्या लायकीचे आहे. प्रणालीतील चुकीमुळे चुकीचा आकडा येतो. इन्स्टॉलरकडे मात्र अॅडमिनचे हक्क असतात, त्यामुळे त्याची चूक संपूर्ण डिस्कला भोवू शकते.

याची उदाहरणे मोठ्या नावांची आहेत. १९९८ च्या डिसेंबरमध्ये बंजी कंपनीचा मिथ २ हा खेळ बाजारात आला. त्याचा अनइन्स्टॉलर खेळ ज्या फोल्डरात बसवला असेल तो अख्खा फोल्डर पुसत असे, आणि एखाद्याने तो थेट डिस्कच्या मुळाशी (वेगळ्या फोल्डराविना) बसवला असेल तर सगळी डिस्कच पुसली जात असे. कंपनीने प्रती परत मागवल्या. नोव्हेंबर २००१ मध्ये अॅपलच्या आयट्यून्स २.० च्या इन्स्टॉलरने काही मॅकवरील डेटा पुसला, कारण त्याच्या स्क्रिप्टमध्ये डिस्कच्या नावाभोवती अवतरणचिन्हे नव्हती आणि काहींच्या डिस्कच्या नावात रिकामी जागा होती. २०११ मध्ये लिनक्सवरील बंबलबी या प्रकल्पाच्या इन्स्टॉल स्क्रिप्टमध्ये एका मार्गाच्या मधोमध एक स्पेस चुकून पडला, आणि एक लहान फोल्डर पुसण्याऐवजी संपूर्ण ‘यूएसआर’ फोल्डर पुसण्याची आज्ञा तयार झाली. एका स्पेसची ही किंमत! म्हणून चाचणीत नेहमीच्या जागेखेरीज डिस्कच्या मुळाशी, नावात स्पेस असलेल्या फोल्डरात आणि ज्यात ग्राहकाच्या इतर फाइली आधीच आहेत अशा फोल्डरात प्रणाली बसवून आणि काढून पाहावी.

डेबियन या लिनक्स प्रकल्पात यासाठी पियुपार्ट्स नावाचे साधन वापरतात. ते एका कोऱ्या, बंदिस्त प्रणालीत पॅकेज बसवते, त्याचे अपग्रेड करते, ते काढून टाकते, आणि आधीची व नंतरची फाइलींची यादी ताडून काय उरले व काय नको ते गेले हे सांगते. हीच पद्धत विंडोजवर हातानेही करता येते. इन्स्टॉलेशनच्या आधी सर्व फाइलींची यादी काढावी, अनइन्स्टॉलनंतर पुन्हा काढावी आणि दोन्हींतला फरक वाचावा. फेडोरा या दुसऱ्या लिनक्सच्या प्रत्येक प्रकाशनापूर्वी इन्स्टॉलेशनच्या चाचण्यांचा मोठा तक्ता भरला जातो, आणि त्यातील बराचसा भाग मूळच्या ओपनसुसेमधील ओपनक्यूए या साधनाने आपोआप भरला जातो. हे साधन पडद्याची चित्रे पाहून माणसासारखी बटणे दाबते. आपल्या अकरा जणांना एवढा पसारा झेपणार नाही, पण यादी ताडण्याचे काम एका सहकाऱ्याच्या एका दुपारचे आहे.

गाळा_हिशेबनीस (वाशी), बुधवार, दुपारी ३.१०

मी संगणक क्षेत्रातील नाही. वाशीच्या कांदा-बटाटा बाजारातील एका पेढीवर हिशेबाचे काम करतो आणि अशा प्रणाली वापरतो, म्हणून आपली चर्चा उत्सुकतेने वाचली.

आम्हाला येणारी अडचण आपणापैकी कोणीच लिहिलेली नाही. इन्स्टॉलर मध्येच थांबून प्रश्न विचारतो आणि पर्याय देतो: मॉडिफाय, रिपेअर, रिमूव्ह. माझ्यापुढे चार वर्षांचा हिशेब असताना मी ‘रिमूव्ह’ या शब्दाच्या जवळही जाणार नाही, आणि ‘रिपेअर’ म्हणजे काय बिघडले आहे ते मला कोणी सांगितलेले नाही. मग मी खिडकी बंद करतो. पुढे ती अर्धवट राहिली की पूर्ण झाली, याचा पत्ता लागत नाही. दुसरे असे की, इन्स्टॉलेशन किती वेळ चालणार ते कधीच लिहिलेले नसते. हिरवी पट्टी शेवटाला येऊन दहा मिनिटे तशीच उभी राहते, तेवढ्यात बाहेर गाडी लागते, आणि मग एखाद्या वेळी मी संगणकाचे बटण दाबून मोकळा होतो. हे चूक आहे हे मला मान्य आहे, पण गाडी कोणासाठी थांबत नाही.

वागळे_इस्टेट (ठाणे), बुधवार, दुपारी ४.००

हिशेबनीससाहेब, आपण बटण दाबता हीच एक चाचणी आहे आणि ती आम्ही क्वचितच करतो. खाडीपलीकडचा, इन्स्टॉलेशन अर्ध्यावर आले की व्हर्च्युअल मशीनची वीज तोडावी, पुन्हा सुरू करावी, आणि जुनी आवृत्ती अजून चालते का, इन्स्टॉलर दुसऱ्यांदा नीट लागतो का, हे पाहावे. पावसाळ्यात आपल्याकडे वीज कशी जाते हे वेगळे सांगायला नको. तसेच डिस्कवर थोडीच जागा उरवून इन्स्टॉलर लावावा. जागा संपल्याचे त्याने सुरुवातीलाच सांगायला हवे, सत्तर टक्क्यांवर आल्यावर नव्हे.

लिपीवेडा (डोंबिवली), बुधवार, रात्री ९.५५

एका चाचणीचा आग्रह मी धरणार आहे: विंडोजवर देवनागरी नावाचा वापरकर्ता तयार करून त्याच्या लॉगिनमधून इन्स्टॉलर चालवावा. आहे त्या वापरकर्त्याचे नाव बदलून भागत नाही, कारण नाव बदलले तरी त्याचे फोल्डर जुन्या नावाचेच राहते. खाते नव्यानेच उघडावे लागते.

कारण असे आहे. इन्स्टॉलर आपल्या फाइली आधी तात्पुरत्या फोल्डरात उलगडतो, आणि ते फोल्डर वापरकर्त्याच्या फोल्डरातच असते. इन्स्टॉलरचा किंवा त्याने बोलावलेला एखादा जुना घटक युनिकोड (सर्व लिप्यांची सामायिक अक्षरसंहिता) जाणत नसेल, तर तो विंडोजच्या जुन्या कोड पेजवर (मोजक्याच अक्षरांच्या तक्त्यावर) विसंबतो. देवनागरीसाठी विंडोजमध्ये असे जुने कोड पेज नाहीच, आपली लिपी तेथे पहिल्यापासून केवळ युनिकोडमध्ये आहे. त्यामुळे मार्गातील प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह येते, आणि प्रश्नचिन्ह तर विंडोजच्या फाइलनावात चालतच नाही. निकाल: ‘फाइल सापडली नाही’. जर्मन किंवा फ्रेंच नावांवर चाचणी करून समाधान मानणाऱ्या परदेशी साधनांत हा दोष राहून जातो, कारण त्यांची अक्षरे जुन्या कोड पेजात बसतात. विंडोज १० च्या १९०३ पासून मॅनिफेस्टमध्ये यूटीएफ-८ (युनिकोड लिहिण्याची एक पद्धत) जाहीर करून यातून सुटका करून घेता येते, पण ग्राहकाकडे त्याहून जुने विंडोज असेल तर तो उपाय चालत नाही.

जाता जाता: आपला इन्स्टॉलर एमएसआय प्रकारचा असेल, तर तो बसवणारी विंडोजमधील ‘विंडोज इन्स्टॉलर’ ही यंत्रणा आवृत्तीच्या क्रमांकातील पहिले तीनच भाग पाहते, चौथा पाहत नाही. चौथा आकडा वाढवून पॅच (लहान दुरुस्ती) काढणाऱ्यांची आवृत्ती तिच्या लेखी बदललेलीच नसते. पहिला भाग २५५ च्या वर जात नाही, म्हणून आर्थिक वर्षाचे चार आकडी नाव तेथे देता येणार नाही.

घणसोली_लोकल, गुरुवार, सकाळी १०.२०

एवढ्या चाचण्या तीन दिवसांत होणार नाहीत, हे कोणीतरी बोलायला हवे. त्यापेक्षा पहिल्या दिवशी दहा ग्राहकांना द्यावी, दोन दिवस थांबून पन्नासांना, मग सर्वांना. मोठ्या कंपन्याही हेच करतात.

ऐरोली_पूल, गुरुवार, सकाळी ११.०५

टप्प्यांनी देणे आवश्यक आहे, पण ते चाचणीऐवजी होऊ शकत नाही. विंडोज १० चे ऑक्टोबर २०१८ चे अपडेट आठवावे. २ ऑक्टोबरला ते खुले झाले आणि काही दिवसांतच थांबवावे लागले, कारण ज्यांनी डॉक्युमेंट्ससारखी फोल्डरे दुसरीकडे वळवलेली होती, त्यांच्या मूळ जागी राहिलेल्या फाइली ते पुसत होते. फोल्डर रिकामेच असणार असे गृहीत धरले गेले होते. अशा तक्रारींचे प्रमाण एक टक्क्याचा शंभरावा भाग इतके असल्याचे मायक्रोसॉफ्टने सांगितले, आणि दुरुस्त केलेले अपडेट १३ नोव्हेंबरला पुन्हा आले. आपल्या दहा ग्राहकांत असा एक सापडण्याची शक्यता किती, हे आपणच पाहावे. उलट बाजूने, १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीची एक लहानशी आशय-फाइल टप्पे न पाडता सगळीकडे गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख संगणक बंद पडले. तेथे टप्प्यांनी नक्कीच वाचवले असते. शंभरातील प्रत्येकावर होणारा घाव टप्प्यांनी आवरतो, हजारात एखाद्यावर होणारा घाव मात्र मुद्दाम शोधावा लागतो.

खाडीपलीकडचा (महापे), नऊ दिवसांनंतर, शनिवार, सायंकाळी ६.३०

सर्वांचे मनापासून आभार. काय केले ते लिहितो.

आम्ही अठरा चाचण्या निवडल्या. त्यांतील अकरा जुन्या आवृत्तीवरून अपग्रेडच्या आहेत, कारण नवीन ग्राहक वर्षाला थोडेच मिळतात आणि आमचा खरा धोका जुन्या हिशेबाला आहे. विंडोज ७ अद्याप पाच गाळ्यांत असल्याने त्याची एकच चाचणी ठेवली, आणि तिच्यातच इन्स्टॉलर अडला: शा-२ प्रकारची सही ओळखण्यासाठी तेथे वेगळे अपडेट लागते आणि ते त्या प्रतिमेत नव्हते. मूक (काही न विचारता आपोआप होणाऱ्या) इन्स्टॉलेशनच्या चाचण्या सोडून दिल्या, आमच्या ग्राहकांत ते कोणी वापरत नाही. कोपरीकरांच्या सल्ल्यानुसार एका गाळ्यातून जुना संगणक धुळीसकट घेतला. त्याच्यावर नवीन छपाई-नमुना बसेना. बऱ्याच शोधानंतर कळले की नमुन्याची साध्या मजकुराची फाइल ग्राहकाकडे कधीतरी हाताने बदललेली होती, आणि आवृत्ती-क्रमांक नसलेली फाइल निर्मितीनंतर बदललेली दिसली तर विंडोज इन्स्टॉलर ती वापरकर्त्याची समजून तिला हात लावत नाही. नियम योग्यच आहे, पण तो आमच्यापैकी कोणालाही माहीत नव्हता. आता नमुन्याची फाइल नव्या नावाने जाते आणि जुनी शेजारी राहते.

देवनागरी वापरकर्त्यावर पहिल्याच मिनिटाला प्रश्नचिन्हे आली. लिपीवेडा यांचे विशेष आभार.

अठराव्या चाचणीनंतर, काल रात्री साडेनऊ वाजता, आमच्या मालकांनी पहिल्या पडद्यावरील बोधचिन्ह बदलण्यास सांगितले. मी त्यांना वहीतील ठसा दाखवला आणि बोधचिन्ह बदलल्यास अठराच्या अठरा चाचण्या पुन्हा कराव्या लागतील असे सांगितले. बराच वाद झाला. शेवटी बोधचिन्ह जुनेच राहिले. सोमवारी पहिल्या बारा गाळ्यांत फाइल जाईल, त्यांत ते तीन गाळे आहेत. हिशेबनीससाहेबांची पेढीही आमची ग्राहक असल्याचे मध्यंतरी व्यक्तिगत संदेशातून कळले, म्हणून बारावा गाळा त्यांचा.

गाळा_हिशेबनीस (वाशी), सोमवार, दुपारी १२.४०

सकाळचा व्यवहार आटोपल्यावर साडेदहाला नवीन आवृत्ती बसवली. सुरुवातीलाच ‘सुमारे सहा मिनिटे लागतील, आपला हिशेब पुसला जाणार नाही’ असे मराठीत लिहून आले, आणि सातव्या मिनिटाला काम झाले. मागील शिल्लक जुळली, पट्टी छापली गेली. एकच तक्रार आहे. डेस्कटॉपवरील चिन्ह नेहमीच्या कोपऱ्यातून निघून भलतीकडे जाऊन बसले होते आणि प्रणाली गेली असे समजून मी दहा मिनिटे कोपरीकरांचा फोन नंबर शोधत होतो.

खाडीपलीकडचा (महापे), सोमवार, दुपारी १२.५५

अपग्रेड करताना आम्ही जुना शॉर्टकट काढून नवा तयार करतो, त्यामुळे त्याची जागा हरवते. आमच्या कोऱ्या मशीनवर डेस्कटॉप रिकामाच असल्याने चिन्ह दर वेळी त्याच कोपऱ्यात येत होते आणि कोणाच्या लक्षात आले नाही. एकोणिसावी चाचणी म्हणून नोंदवले आहे. उरलेल्या गाळ्यांना फाइल तोवर थांबवली आहे.